गोठवलेला देह, उतरवून घेतलेले मन

रॉबर्ट एटिंगर यांचे 'द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी' हे पुस्तक १९६४ साली अमेरिकेत डबलडे या मोठ्या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणले. त्याआधी दोन वर्षे लेखकाने ते पदरमोड करून छापले होते. एटिंगर मिशिगनमध्ये भौतिकशास्त्र शिकवीत. दुसऱ्या महायुद्धात ते जखमी झाले होते आणि बराच काळ इस्पितळात पडून होते. तिथेच त्यांच्या वाचनात फ्रेंच जीवशास्त्रज्ञ ज्याँ रोस्ताँ यांचे बेडकाच्या शुक्रपेशी ग्लिसरॉलमध्ये गोठवण्याचे काम आले. पुढे त्याच रोस्ताँनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. पुस्तकाचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येते. मेलेल्या माणसाला लगेच गोठवले तर त्याचा ऱ्हास थांबतो. आज जे दुरुस्त होत नाही ते उद्याचे वैद्यक दुरुस्त करील, तेव्हा वाट पाहायची. या वाट पाहण्यालाच पुढे क्रायोनिक्स हे नाव मिळाले.

दुसरा मजकूर २००८ सालचा आहे. ऑक्सफर्डच्या फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूटमधल्या अँडर्स सँडबर्ग आणि निक बोस्ट्रॉम यांनी लिहिलेला 'होल ब्रेन इम्युलेशन : अ रोडमॅप' हा अहवाल. यात देह परत उठवायची भाषाच नाही. मेंदूचे अतिपातळ काप करायचे, त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घ्यायची, त्यांवरून पेशींचे जाळे संगणकात उभे करायचे आणि ते चालू करायचे. मूळ मेंदू या कामात संपतो. उरते ती त्याची चालती नक्कल.

हे दोन मजकूर मी शेजारी ठेवून वाचले, कारण गेली काही वर्षे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून या विषयाची एक ठरावीक मांडणी दिसते. क्रायोनिक्स ही भोळ्या श्रीमंतांची फसवणूक आणि माइंड अपलोडिंग हे मात्र संगणकयुगाचे स्वाभाविक पुढचे पाऊल, अशी ती मांडणी. पहिल्याची टिंगल करायची, दुसऱ्याबद्दल 'येत्या काही दशकांत' असे म्हणून ठेवायचे. मला ही प्रतवारी पटत नाही. दोन्ही दाव्यांतले कच्चे दुवे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि ज्याला आपण जास्त आधुनिक समजतो त्याचा कच्चा दुवा अधिक खोल आहे, असे माझे मत आहे.

आधी गोठवण्याकडे. पाणी गोठते तेव्हा पेशी फुटतात, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो. बर्फात फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे बाहेरचा द्राव खारट होत जातो आणि पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. पेशी सुकते, आकसते, आणि वाढत्या स्फटिकांच्या भिंतींमध्ये चेपली जाते. उत्तर अमेरिकेतला एक रानबेडूक हिवाळ्यात हे सगळे सोसतो. त्याच्या शरीरातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबते, आणि वसंतात तो उड्या मारू लागतो. यकृतातून सोडलेल्या ग्लुकोजने त्याच्या पेशी वाचतात. क्रायोनिक्सच्या प्रचारात हा बेडूक हटकून येतो. पण तो शून्याखाली थोडेच अंश उतरतो; द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांशी त्याची गाठ पडत नाही. उणे १९६ अंशांत काळ जवळजवळ थांबतो हे खरे. शून्याच्या जरा खाली तो नुसता मंदावतो.

म्हणून बर्फ होऊच द्यायचा नाही, असा मार्ग निघाला. पेशींत गोठणरोधक रसायने इतकी भरायची की थंड होताना पाण्याचे स्फटिक न बनता ते काचेसारखे घट्ट व्हावे. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. हा शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातला आहे. वीसहून अधिक वर्षे मी वंध्यत्व-उपचारांच्या प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम केले. स्त्रीबीज आणि भ्रूण काचेच्या अवस्थेत नेणे आणि महिन्या-वर्षांनी परत आणणे हेच ते काम. तेव्हा गोठवलेला जीव परत येतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्वच्छ 'होय' असे आहे. मी ते पाहिले आहे, आणि त्या 'होय'ची मर्यादाही पाहिली आहे.

भ्रूण मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपासचा असतो. रसायन त्यात मिनिटांत शिरते. नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर तो मिनिटाला हजारो अंशांच्या वेगाने थंड होतो आणि कोमट द्रावात टाकल्यावर तितक्याच झपाट्याने गरम होतो. मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. त्याच्या मध्यभागाची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, तेव्हा वेग कमी. वेग कमी म्हणून रसायन जास्त घालावे लागते. रसायन जास्त म्हणून विषबाधा. शिवाय बाहेरचा थर आणि आतला गाभा वेगवेगळ्या गतीने आक्रसतात, तेव्हा काच झालेल्या मोठ्या अवयवाला तडे जातात. कढत चहा ओतल्यावर साध्या काचेचा पेला तडकतो, तसेच हे. सर्वांत अवघड उतार परतीचा आहे. गरम करताना मधल्या तापमानात काचेचे पुन्हा स्फटिक बनू लागतात, त्यांना संधी न देता तो टप्पा ओलांडायचा तर थंड करण्याहूनही जास्त वेग लागतो, आणि तोही सगळीकडे सारखा.

या अडचणीवर काम थांबलेले नाही, हे टिंगल करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. ग्रेगरी फाही यांच्या गटाने २००९ मध्ये एका सशाच्या मूत्रपिंडाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते काचेच्या अवस्थेत नेऊन परत आणले, सशात बसवले, आणि तो ससा ४८ दिवस त्या एकट्या मूत्रपिंडावर जगला. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉन बिशॉफ आणि एरिक फिंगर यांच्या गटाने उंदरांची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत काचावस्थेत ठेवली. रक्तवाहिन्यांतून लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरले होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ते कण आतून, सगळीकडून एकदम तापतात. ती मूत्रपिंडे उंदरांत बसवली आणि ती पुन्हा काम करू लागली. उंदराचे मूत्रपिंड ग्रॅम-दीड ग्रॅमचे, माणसाचे दीडशे ग्रॅमच्या आसपास, मेंदू त्याच्या नऊपट. अंतर प्रचंड आहे, पण ते मोजता येते. पायरी कुठली चढलो आणि कुठली राहिली, हे सांगता येते. विज्ञानात हा गुण लहान नाही.

आठवणींचे काय, हा पुढचा प्रश्न. मेंदू बंद पडला की आठवणी विजेच्या दिव्यासारख्या विझतात अशी समजूत असेल तर शस्त्रक्रियागृहातला अनुभव तिच्या विरोधात जातो. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला वीस अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख सपाट होतो. माणूस जागा होतो तेव्हा त्याला आपले नाव, बायकोचे नाव, घराचा पत्ता, सगळे आठवते. म्हणजे दीर्घकालीन स्मृती चालू प्रवाहात नसून पेशींच्या रचनेत, त्यांच्या जोडण्यांत असते. २०१५ मध्ये नताशा व्हिटा-मोर आणि डॅनिएल बारँको यांनी 'सी. एलिगन्स' या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीला एका वासाची ओळख शिकवली, त्याला काचावस्थेत नेले आणि परत आणले; ओळख टिकली होती. कृमी आणि माणूस यांत जे अंतर आहे ते आहेच. पण 'गोठवले की स्मृती जातेच' हे विधान तरी खोडले गेले.

इथवरचा पुरावा एटिंगरांच्या बाजूचा. आता त्यांच्या पुस्तकाचा खरा दोष. या सगळ्या यशात अवयव किंवा प्राणी गोठवताना जिवंत होता. क्रायोनिक्सचा ग्राहक मात्र कायद्याने मेल्याशिवाय टाकीत जाऊ शकत नाही. आधी आजार, मग शेवटचे तास, मग हृदय थांबणे, डॉक्टरांचा दाखला, आणि मग धावपळ. त्या अवधीत बारीक रक्तवाहिन्यांत रक्त साकळते, मेंदूला सूज येते, आणि गोठणरोधक रसायन काही भागांत पोचतच नाही. जिथे ते पोचले नाही तिथे काच होत नाही, बर्फ होतो. थॉमस डोनाल्डसन या गणितज्ञाने नेमका हा मुद्दा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात नेला होता. त्याच्या मेंदूत गाठ होती. गाठीने मेंदू खाण्याआधी, जिवंतपणी गोठवून घेण्याची परवानगी त्याने मागितली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ती नाकारली. कायद्याच्या बाजूने तो निकाल योग्यच म्हणावा लागेल, कारण ज्याला परत आणता येत नाही त्याला गोठवणे म्हणजे मारणेच. पण क्रायोनिक्सच्या तर्काच्या बाजूने डोनाल्डसनचे म्हणणे अचूक होते. तो जे मागत होता ते मिळाल्याशिवाय या पद्धतीला तिची उत्तम संधी मिळत नाही, आणि उत्तम संधी सिद्ध झाल्याशिवाय कायदा ते देणार नाही.

दुसरा दोष विज्ञानाचा नसून व्यवहाराचा आहे, आणि त्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. द्रवरूप नायट्रोजन उडून जातो. टाकी कितीही चांगली असो, तो उडतोच. आमच्याकडे ठरलेल्या वारी टाकीत मोजपट्टी बुडवायची, पातळी वहीत लिहायची आणि भर घालायची, हे काम दिवाळीच्या पाडव्यालाही चुकत नसे. नायट्रोजनची टाकी महाराष्ट्राच्या खेड्यांनाही नवी नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफने गोठीत रेतमात्रा गोठ्यागोठ्यापर्यंत नेल्या. मोटारसायकलवर अॅल्युमिनियमचे भांडे बांधून येणारा माणूस अनेक वाचकांनी पाहिला असेल. त्या भांड्यातला नायट्रोजन संपला तर नुकसान एका वेताचे. आमच्याकडे संपला असता तर कुणाच्या तरी आयुष्यभराच्या आशेचे. आणि तरी दरवर्षी अशी जोडपी असत की ज्यांचे शुल्क यायचे थांबे, फोन लागेनासा होई, पत्र परत येई. त्यांचे भ्रूण टाकीतच. सांभाळायचे किती काळ? आपल्या २०२१च्या कायद्याने दहा वर्षांची मर्यादा घातली. दहा वर्षे! एटिंगर यांना शतके हवी होती.

१९६७ या वर्षाचा आणखी एक संबंध आहे. त्या वर्षी १२ जानेवारीला कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक वयाच्या ७३व्या वर्षी वारले आणि क्रायोनिक्सच्या हेतूने गोठवले गेलेले पहिले माणूस ठरले. त्यांना गोठवणाऱ्या मंडळींत रॉबर्ट नेल्सन हा दूरदर्शन संच दुरुस्त करणारा गृहस्थ प्रमुख होता. पुढे त्याने चॅट्सवर्थ इथल्या दफनभूमीत तळघर करून आणखी देह ठेवले. नातेवाइकांचे पैसे यायचे थांबले, नायट्रोजन परवडेना, आणि टाक्या एकेक करून रिकाम्या पडल्या. १९७९ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा नऊ देह कुजून गेलेले होते. बेडफर्ड वाचले, कारण त्यांचे कुटुंब. त्यांनी देह या जागेतून त्या जागेत हलवला, काही काळ स्वतः सांभाळला आणि नंतर अल्कोर या संस्थेकडे सोपवला. आज अल्कोर अॅरिझोनात स्कॉट्सडेलला आहे. तिथे पूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून अधिक आणि फक्त मस्तकासाठी ८० हजार डॉलर मोजावे लागतात. मोठा भाग गुंतवून त्याच्या व्याजावर नायट्रोजन भरायचा, अशी सोय आहे. चॅट्सवर्थपासून घेतलेला हा धडा. तरीही ही सोय म्हणजे एखाद्या न्यासाने शे-दोनशे वर्षे सचोटीने टिकावे ही अपेक्षाच. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याने तिचे मोल आपापले ठरवावे.

आता नकलेकडे. सँडबर्ग-बोस्ट्रॉम अहवालाची एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे त्याने स्वतःला तपासता येईल असे आकडे दिले. मेंदूची नक्कल किती खोलवर करायची याच्या त्यांनी पायऱ्या पाडल्या आणि प्रत्येक पायरीला किती गणनशक्ती लागेल याचा अंदाज बांधला. चेतापेशींचे जाळे आणि त्यांचे स्पंद एवढेच पकडायचे तर सेकंदाला १ वर १८ शून्ये इतक्या गणिती क्रिया. पेशींच्या विद्युतगुणांचे तपशील हवे असतील तर २२ शून्ये. चयापचयापर्यंत जायचे तर २५. यातला पहिला टप्पा २०२२ मध्ये अमेरिकेच्या 'फ्रंटियर' महासंगणकाने ओलांडला. मग मनुष्याची सोडा, एका कृमीची तरी नक्कल चालू लागली का?

तो कृमी पुन्हा 'सी. एलिगन्स'च. त्याच्या अंगात ३०२ चेतापेशी आहेत. त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे नकाशा हाताशी आहे. 'ओपनवर्म' हा प्रकल्प २०११ पासून त्याची संगणकीय प्रतिकृती घडवतो आहे. अन्न शोधणारा, शिकणारा, विसरणारा पूर्ण कृमी अजून पडद्यावर आलेला नाही. याचे एक कारण २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या एका गटाने दाखवून दिले. त्यांनी जिवंत कृमीत एकेक पेशी चेतवून संदेश कुठे पोचतो ते नोंदवले. ते नकाशावरून केलेल्या भाकिताशी जुळेना. पेशी एकमेकींशी फक्त जोडण्यांतून बोलत नाहीत, रसायने हवेत सोडल्यासारखी सोडूनही बोलतात, आणि हा संवाद नकाशात दिसत नाही. ईव्ह मार्डर यांनी खेकड्याच्या जठराची लय चालवणाऱ्या तीसेक पेशींच्या गाठीवर दशकानुदशके काम करून हेच आधी सांगितले होते. जोडण्या त्याच, रसायन बदलले की वागणूक बदलते. गावातल्या सगळ्या रस्त्यांचा नकाशा असला म्हणून बाजाराचा वार कळत नाही.

अपलोडिंगच्या बाजूनेही पुरावा आहे, तो झाकून ठेवणार नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा पुरा झाला : १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी आणि हौशी नागरिकांनीही त्यातल्या संगणकाच्या चुका हाताने सुधारल्या. या नकाशावर अगदी साध्या ठोकताळ्याच्या पेशी बसवून दुसऱ्या एका गटाने विचारले, की साखर ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या तर सोंड हलवणाऱ्या कोणत्या पेशी जागतील? उत्तर बऱ्याच अंशी बरोबर आले. म्हणजे नकाशात वागणुकीचा मोठा अंश असतो. त्याच वर्षी हार्वर्ड आणि गूगल यांनी मानवी मेंदूच्या बाह्यकाच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचे चित्रण प्रसिद्ध केले. फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये एवढ्या तुकड्याची नेमकी जोडणी मागणे हे अशक्याच्या मागे लागणे आहे, असे म्हटले होते; तेव्हा हे मोठेच यश. त्या एका घन मिलिमीटरची माहिती १.४ पेटाबाइट भरली. मेंदूत असे बारा लाखांहून अधिक घन मिलिमीटर असतात. गुणाकार केला तर सुमारे सतरा लाख पेटाबाइट. आकड्याने मला भीती वाटत नाही. साठवण स्वस्त होत जाते. मला शंका आहे ती वेगळीच. कापांच्या छायाचित्रात जोडणीचा आकार दिसतो. तिची त्या क्षणीची रासायनिक स्थिती पुरेशी दिसत नाही, आणि कोणती स्थिती महत्त्वाची, कोणती सोडून दिली तरी चालेल, हेच ठाऊक नाही. अहवालातल्या पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर थांबायचे, यावर त्याच्या लेखकांनी तज्ज्ञांची मते गोळा केली. मते गोळा करावी लागतात तिथे मोजमाप झालेले नसते.

आणि समजा हे सगळे जमले. पडद्यावरून कुणी बोलू लागले, जुन्या आठवणी सांगू लागले. हा 'तो'च, हे कशावरून? डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये या कोड्याचा जो पिच्छा पुरवला त्यानंतर त्यात नवे फारसे सांगता येणार नाही. आपल्याकडे या विषयाला 'परकायाप्रवेश' हा शब्द सर्रास लावतात, तो मात्र चूक आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले या कथेत जाणारा एक असतो; शिष्य गुहेत मूळ देहाची राखण करतात, कारण त्याला परत यायचे असते. अपलोडिंगमध्ये कुणी जातच नाही. प्रत तयार होते, आणि एकीच्या जागी दहा करता येतात. गुहेतल्या शिष्यांचे काम पाहिले तर ती कथा क्रायोनिक्सच्याच जवळची आहे.

क्रायोनिक्सच्या यशाची कसोटी लहान मुलालाही कळेल : मूत्रपिंड लघवी गाळू लागले की नाही, ससा उठला की नाही. अपलोडिंगच्या यशाची कसोटीच ठरलेली नाही. शक्याशक्यतेची तुलना करताना मी याला सर्वांत जास्त वजन देतो. दूरचे आणि धूसर यांत फरक आहे.

पण दोन्ही वाटा आरंभी एकच असतात, हेही खरे. मेंदू टिकवायचा, ही पहिली अट दोघांची. फाटा कुठे फुटतो ते २०१६ आणि २०१८ साली दिसले. रॉबर्ट मॅकिंटायर आणि फाही यांनी आधी सशाचा आणि मग डुकराचा मेंदू अशा रीतीने जपला की सूक्ष्मदर्शकाखाली जोडणी न् जोडणी जागेवर होती. ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशनची दोन्ही पारितोषिके त्यांना मिळाली. युक्ती ग्लुटराल्डिहाइडची. हे रसायन मिनिटांत प्रथिने एकमेकांना बांधून टाकते. मग गोठणरोधक सावकाश भरता येते, मेंदू आकसत नाही. चामडे कमावायलाही हेच रसायन वापरतात. कमावलेले कातडे हजार वर्षे टिकेल, पण पुन्हा गाईच्या अंगावर चढणार नाही. म्हणजे रचना उत्तम जपली जाते त्या पद्धतीत जिवंत होण्याचे दार कायमचे बंद होते, आणि जिथे दार उघडे ठेवले जाते तिथे मेंदू आकसून जोडण्या दिसेनाशा होतात. ग्राहकाने आजच निवड करायची आहे, आणि निवडीचा आधार पुरवणारे ज्ञान अस्तित्वात नाही. मॅकिंटायर यांच्या 'नेक्टोम' या कंपनीने २०१८ मध्ये दहा हजार डॉलरची, परत मिळण्याजोगी अनामत घेऊन प्रतीक्षायादी सुरू केली तेव्हा त्यांच्याशी संबंध असलेल्या एमआयटीने हात काढून घेतला. ते बरे झाले.

क्रायोनिक्सचे समर्थक अशा वेळी म्हणतात की तज्ज्ञांनी नवे काय ते नेहमीच नाकारले. आपल्याकडे त्यांना एक जळजळीत उदाहरण मिळेल. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये गोठवून परत आणलेल्या भ्रूणातून 'दुर्गा' या मुलीचा जन्म घडवला. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये जन्मलेल्या नलिका-शिशूमागचे एक शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांच्या वह्या स्वतः तपासल्या आणि पहिलेपणाचा मान आपल्याकडून काढून त्यांना दिला. माझ्या व्यवसायातला प्रत्येक जण त्या घटनेपुढे मान खाली घालतो. पण मुखोपाध्यायांकडे दाखवायला एक हसतीखेळती मुलगी होती. बेडफर्ड यांना गोठवून अठ्ठावन्न वर्षे झाली. दाखवायला एक उंदीरही नाही.

आणि दरम्यान विक्री चालू आहे. २०१६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे कर्करोगाने मरणासन्न झालेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीचा अर्ज आला. तिला गोठवून घ्यायचे होते, आईची संमती होती, दुरावलेल्या वडिलांची सुरुवातीला नव्हती. आजी-आजोबांनी ३७ हजार पौंड उभे केले. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी देहाचा निर्णय आईकडे सोपवला आणि हे क्रायोनिक्सवरचे मत नव्हे, कौटुंबिक वादाचा निवाडा आहे, असे स्पष्ट केले. निकालपत्रातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. मुलीच्या शेवटच्या दिवशी आई नंतरच्या व्यवस्थेत इतकी गुंतली होती, की तिच्याजवळ पुरती बसू शकली नाही, असे इस्पितळाने कळवले होते. क्रायोनिक्सची किंमत डॉलर-पौंडांत सांगणाऱ्यांनी हा खर्चही धरावा.

संशोधनाला माझा विरोध नाही. मूत्रपिंडावरचे काम यशस्वी झाले तर अवयवांची वाट पाहत मरणारे हजारो लोक वाचतील, मग कुणी अमर होवो न होवो. उरतो तो दोन्ही पंथांना मान्य होईल असा एखादा प्रयोग. माझ्या मते तो 'सी. एलिगन्स'वर आजच करून पाहण्यासारखा आहे. शंभर कृमी घ्यावेत, पन्नासांना एक वास शिकवावा, पन्नासांना नाही. सगळे ग्लुटराल्डिहाइडमध्ये बांधून, काप करून, त्यांचे नकाशे अशा माणसापुढे ठेवावेत की ज्याला कुठला कृमी कुठल्या गटातला हे माहीत नाही. ३०२ पेशी पाहून त्याने नुसते सांगावे, यातले शिकलेले कोणते.